नानांच्या दुनळीची अडलेली खिट्टी

मित्रांनो, मला पाहिलं की मुलं सगळ्यात आधी विचारतात, "ही खरी आहे का?" निगडीतल्या एका बँकेच्या दारात मी अठरा वर्षं उभी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ झाला आहे. खरी आहे बाबांनो, पुरती खरी. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, शेजारी शेजारी दोन नळ्या, खाली दोन चाप. माझ्यासारखीला दुनळी म्हणतात. वय म्हणाल तर साठीला टेकले आहे आणि स्वभाव म्हणाल तर चुळबुळा. दिवसभर गप उभं राहायचं हे माझं काम, आणि नेमकं तेच मला जमत नाही.

ही गोष्ट माझ्या एका दुखण्याची आहे. ते दुखणं मला कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. तुमचं पोट दुखतंय आणि बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत सुटल्या आहेत, तेव्हा कसं होतं? माझं तसं वर्षभर चाललं होतं.

आधी माझं शरीर समजून घ्या, नाहीतर दुखणं कळायचं नाही. माझ्या मानेवर एक छोटी किल्ली आहे. ती अंगठ्याने उजवीकडे ढकलली की मी मधोमध उघडते आणि नळ्या खाली झुकतात. त्यांत दोन काडतुसं ठेवायची आणि मला बंद करायचं. नळ्यांच्या पोटाखाली दोन दात आहेत, त्या दातांना खाचा आहेत. मी बंद झाले की आतून एक लोखंडी खिट्टी सरकत येते आणि खाचांत जाऊन बसते, दाराची कडी बसते तशी. खिट्टी पूर्ण बसली की किल्ली आपली आपण मधोमध येते आणि 'टक' असा बारीक आवाज होतो. हा 'टक' झालाच पाहिजे. खिट्टी अर्धवट बसलेली असताना कुणी चाप ओढला, तर मी तिथल्या तिथे उघडू शकते, आणि सगळा जाळ समोर जायच्या ऐवजी धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

माझी खिट्टी बसवणारा कारागीर मला अजून आठवतो. एका सरकारी कारखान्यात खिडकीजवळ त्याचं टेबल होतं. तो दिव्याची काजळी माझ्या दातांवर धरायचा, मला बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि काजळी कुठे पुसली गेली ते डोळे बारीक करून बघायचा. जिथे पुसली तिथे केसभर घासायचं, की पुन्हा काजळी. तीन दिवस त्याचं हेच चाललं होतं. मला तर कंटाळा आला होता, कधी एकदा जगात जाते असं झालं होतं. चौथ्या दिवशी 'टक' झालं, तो हसला आणि डबा उघडून जेवायला बसला.

तिथून मी मोशीला आले, यशवंतरावांच्या घरी. नदीकाठी त्यांची जमीन होती, ज्वारी आणि भुईमूग व्हायचा, आणि रानडुकरं एका फेरीत अर्धं शेत उलथून टाकायची. यशवंतरावांना पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळाला. मी कुणाला मारलं असं समजू नका. बहुतेक वेळा हवेत बार काढायचा, की डुकरं शेपट्या वर करून पसार. माझा सगळा दरारा आवाजाचा.

यशवंतराव मोठे काटेकोर. मला बाहेर काढलं की आधी नळ्या रिकाम्या आहेत ना, ते दोनदा बघायचे. परत आले की नळ्यांतून चिंधी ओढायचे, बंदुकीच्या खास तेलाच्या बाटलीतून काडीच्या टोकावर एकच थेंब घ्यायचे आणि किल्लीच्या बुडाशी सोडायचे. मग मला कानाशी धरून बंद करायचे. 'टक' झालं की म्हणायचे, "बोलली." तेवढा एकच शब्द मला येतो, आणि तो त्यांनी रोज ऐकून घेतला. त्या काळात मला चुळबुळ ठाऊक नव्हती.

यशवंतराव गेले. पुढे दहा-बारा वर्षांनी जमीनही गेली, तिथे रस्ते झाले, शेड उभ्या राहिल्या. तेलाची ती छोटी बाटली संपली आणि तसलं तेल कुठे मिळतं हे कुणाला माहीत नव्हतं. परवाना त्यांच्या मुलाच्या, नानासाहेबांच्या नावावर झाला. नानासाहेब मनाने चांगले, पण त्यांना वडिलांची शेती येत होती आणि बंदूक येत नव्हती. शेती राहिली नाही आणि मी राहिले, असा उलटा प्रकार झाला.

माझी सगळी काळजी मग वर्षातून एकदा घेतली जाऊ लागली, खंडेनवमीला. नानासाहेबांच्या पत्नी कौशल्याबाई यांचा त्या दिवशी थाट असतो. विळा, कोयता, विळी, तराजू, कुऱ्हाड असं सगळं पाटावर मांडतात आणि मधोमध मला आडवं ठेवतात. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वरून अक्षता. आणि शेवटी, घरात जे चांगलं तेल असेल ते. मोशीच्या घरांत चांगलं तेल म्हणजे करडईचं. कौशल्याबाई वाटीत बोटं बुडवून ते माझ्या किल्लीवर, सांध्यांवर, चापांवर सढळ हाताने सोडायच्या. बाजूला उभे असलेले नानासाहेब म्हणायचे, "आजून घाल थोडं, वर्साचा सण हाय." आणि त्या आणखी घालायच्या.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? एवढ्या मायेने कुणी हात फिरवला तर कुणाला आवडणार नाही? पण करडईचं तेल लोखंडावर काय करतं, ते तुमच्या घरातल्या तेलाच्या बरणीला बोट लावून पाहा. आधी ओलं, मग चिकट, मग पिवळट कडक पापुद्रा. त्यात हळद-कुंकू. असं पस्तीस वर्षं.

नानासाहेबांना बँकेची नोकरी लागली ती माझ्यामुळे. सुरक्षा एजन्सीला स्वतःची बंदूक आणि परवाना असलेला माणूस हवा होता. खाकी गणवेश आला, पट्टा आला, टोपी आली. जमीन गेल्यावर नानासाहेब चार वर्षं पारावर बसून असायचे आणि कुणी काय करता विचारलं की दुसरीकडे बघायचे. आता लोक त्यांना 'बंदूकवाले नाना' म्हणू लागले. सकाळी मला खोळीत घालून स्कूटरवर निगडीला जायचं, दारात उभं राहायचं, म्हाताऱ्यांना पायरी उतरवायची, पासबुकाच्या मशिनची रांग सरळ करायची. अठरा वर्षांत मला एकदाही चालवायची वेळ आली नाही. उभ्या उभ्या मी बाहेरच्या बसचे नंबर पाठ केले.

दुखणं सुरू झालं ते गेल्या वर्षी. किल्ली मधोमध यायला वेळ लावू लागली. 'टक' गेलं आणि 'चक्' असा ओला, आळशी आवाज येऊ लागला. मग तोही गेला. किल्ली उजवीकडेच अडून बसायची आणि नानासाहेब तिला अंगठ्याने ढकलायचे. तरी ती गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर राहायची. त्यांच्या अंगठ्याला ती सवय झाली आणि सवय झाली की माणसाला दिसेनासं होतं. मला मात्र दिसत होतं. खिट्टी खाचेत पुरती जात नव्हती. दारात उभी राहून मी रोज एकच विचार करायची, आज बार काढायची वेळ न येवो. तुम्हाला सांगते, भीती ही फार दमवणारी गोष्ट आहे.

आणि श्रावणात एका बुधवारी एजन्सीच्या रणजीतचा फोन आला. रणजीत म्हणजे नानासाहेबांचा वरिष्ठ, त्यांच्या मुलाच्या वयाचा, बोलायला नम्र पण कामात चोख.

"नाना, शुक्रवारी फायरिंग रेंजवर यायचंय," तो म्हणाला. "सगळ्या गनमॅनची तपासणी आहे. बंदूक उघडून दाखवायची, बंद करून दाखवायची आणि दोन राउंड झाडायचे. ज्याची बंदूक नापास, त्याला ड्यूटी देता येणार नाही. वरून ऑर्डर आहे."

"येतो की," नानासाहेब म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ माझ्या किल्लीवरून अंगठा फिरवत बसले. तेव्हा मला कळलं, त्यांनाही सगळं माहीत होतं. ते फक्त तिकडे बघायचं टाळत होते.

दोन राउंड, मित्रांनो. तेही माझ्या अडकलेल्या खिट्टीवर आणि नानासाहेबांचा गाल माझ्या दस्त्याला टेकलेला असताना. तो बुधवार मी कसा काढला ते माझं मला माहीत.

गुरुवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी, म्हणून मोशीत सकाळ जरा उशिरा उजाडते. नानासाहेबांनी बँकेतून रजा घेतली होती. ते मला घेऊन अंगणात बसले, नळ्या रिकाम्या आहेत हे पाहिलं, त्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या आणि खिशातून कानस काढली. शेजारच्या वर्कशॉपमधून मागून आणलेली, जाड दातांची.

खिट्टी खाचेत जात नाही ना, मग खाच मोठी करू, असा त्यांचा हिशोब होता. वरवर पाहता बरोबर वाटतो. पण ती खाच त्या खिडकीजवळच्या कारागिराने तीन दिवस घालवून केसाकेसाने जुळवली होती. ती एकदा घासली गेली की खिट्टी सैल पडणार, आणि सैल पडलेली खिट्टी पुन्हा घट्ट होत नाही. मग 'टक' नाही, काही नाही, मी मोडीत.

कर्र. एकदा. कर्र. दुसऱ्यांदा. मी ओरडले असते. तिसऱ्यांदा कानस फिरली आणि फाटक वाजलं.

उत्कर्षा दूध घेऊन आत आली. ही त्यांची मुलगी, सत्तावीस वर्षांची, चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. गाडीचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते बघायचं तिचं काम. केसाच्या जाडीचा फरकही ती पकडते, असं तिची आई शेजारणींना सांगत असते.

"नाना, काय करताय?"

"काय न्हाई. जरा घट्ट झालंय, घासतोय."

"कानस ठेवा खाली."

"आगं, दोन मिन्टाचं काम हाय."

"आधी खाली ठेवा, मग बोलू."

नानासाहेबांनी कानस मांडीवर ठेवली, खाली नाही. "तुला ह्यातलं काय कळतंय? कधी हातात तरी घेतली व्हतीस का?"

"तुम्ही घेऊ दिली होती का कधी?" उत्कर्षा पायरीवर बसली. "मी दिवसभर लोकांचा माल नापास करते, नाना. पण का नापास केला ते लिहून देते. तुम्ही कारण न बघताच कापायला बसलात. कापलेलं परत चिकटवता येतंय का?"

नानासाहेब मांडीवरच्या कानशीकडे बघू लागले. मग एकदम, अगदी हळू आवाजात म्हणाले, "उद्या रेंजवर दोन बार काढून दावायचेत. नापास झालो तर घरी बसावं लागंल. पुन्यांदा पारावर जाऊन बसायचं मला न्हाई जमायचं आता."

"म्हणून तोंडासमोर तशीच झाडणार होता?" ती उठून उभी राहिली. "डोळे गेले असते तर?"

स्वयंपाकघराच्या दारात कौशल्याबाई लाटणं हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवो, असं कायबी मला सांगितलं न्हाई तुमी," एवढंच त्या म्हणाल्या.

नानासाहेबांनी कानस मुलीच्या हातात दिली आणि मी सुटकेचा श्वास सोडला, म्हणजे मला श्वास असता तर सोडला असता.

उत्कर्षाने वर्तमानपत्र पसरलं. नानासाहेब शेजारीच बसून राहिले, कारण परवाना त्यांच्या नावावर आहे आणि मला असं कुणाच्या हवाली करायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं. तिने नळ्या बाजूलाच ठेवल्या आणि नुसती किल्ली हलवून पाहिली. उजवीकडे ढकलली, आतली बारीक पिन दाबून सोडली. किल्ली रेंगाळत रेंगाळत निम्म्यात आली आणि थांबली.

"बघा," ती म्हणाली. "नळ्या लावलेल्याच नाहीत, तरी अडकतेय. म्हणजे दोष खाचेत नाहीच. दोष इकडे आत आहे. तुम्ही चुकीच्या माणसाला शिक्षा देत होता."

नानासाहेबांनी मान खाली घातली. मला त्यांची दया आली आणि थोडं बरंही वाटलं.

कौशल्याबाईंनी जपून ठेवलेली रॉकेलची बाटली निघाली. चूल, गॅस सगळं बंद करून, अंगणात मोकळ्यावर बसून उत्कर्षाने माझ्या सांध्यांत थेंब थेंब सोडला आणि दोन तास मला तशीच उलटी टेकवून ठेवली. दोन तास. मी उभी राहण्यात तरबेज असले तरी उलटं राहण्याची ही पहिलीच वेळ होती. मग जुना दात घासायचा ब्रश आणि चिंध्या. पहिली चिंधी पिवळी निघाली, दुसरी तपकिरी. तिसरी लाल.

कौशल्याबाई पुढे वाकल्या. चिंधी बोटांत घेतली, चोळली, नाकाशी नेली. "हे कुंकू हाय," त्या म्हणाल्या. "माझं कुंकू हाय हे."

"आणि करडईचं तेल," उत्कर्षा म्हणाली. "वाळून पार डिंक झालंय."

कौशल्याबाईंनी चिंधी खाली ठेवली. "म्हंजी मीच केलं व्हय हे? पस्तीस वर्सं मीच घालत आले की."

मला फार बोलावंसं वाटलं. बाई, तुमच्या हाताचा मला कधी राग नव्हता, असं सांगायचं होतं. पण नानासाहेबच म्हणाले, "एकटीनं न्हाई केलंस. आजून घाल, आजून घाल, असं म्हनत मीच तर उभा ऱ्हायचो. बापानं मला थेंबाचं सांगितलं व्हतं. म्या ध्यान दिलं न्हाई."

आता किल्ली मऊ फिरू लागली होती. उत्कर्षाने नळ्या लावल्या, मला बंद केलं. किल्ली झरझर आली आणि जिथे आधी थांबायची तिथेच थांबली. गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा तिथेच.

नानासाहेबांची नजर कानशीकडे गेली. मी पाहिली.

"थांबा," उत्कर्षा म्हणाली. ती माझ्याकडे बघत बसली, आणि तिचे डोळे बारीक झाले. "नुसती चिकट असती तर हळू गेली असती, पण शेवटपर्यंत गेली असती. ही पटकन जाते आणि एकदम थांबते. म्हणजे मध्ये काहीतरी आहे. आई, समईवर ताटली धरून थोडी काजळी करून दे ना. आत देवापाशीच कर, इकडे ज्योत आणू नको."

काजळी आली. उत्कर्षाने ती बोटाने माझ्या दातांवर लावली, मला बंद केलं, उघडलं आणि उजेडात धरलं. मित्रांनो, माझं मन त्या वेळी कुठे गेलं असेल? साठ वर्षांमागे, त्या खिडकीजवळ. हिला हे कुणी शिकवलं? कंपनीत निळा रंग लावून बघतात म्हणे, हिच्याकडे तो नव्हता म्हणून काजळी. पद्धत तीच.

"खिट्टी एकाच कोपऱ्यावर टेकतेय," ती म्हणाली. "तिरकी होतेय. डाव्या बाजूला आत काहीतरी अडलंय. लोखंडी टाचणी नको, ओरखडे पडतील. उदबत्तीची काडी आण."

काडी आत गेली. एकदा, दोनदा, दहादा. मला गुदगुल्या होत होत्या आणि त्याच वेळी जीवही टांगणीला लागला होता. मग काहीतरी टचकन सुटलं आणि वर्तमानपत्रावर पडलं. तिघांनी डोकी एकत्र आणली.

तांदळाचा अर्धा दाणा होता. हळद-कुंकवाने माखलेला, तेल पिऊन पिऊन खड्यासारखा टणक झालेला. कुठल्या तरी खंडेनवमीची अक्षता. किल्लीच्या फटीतून आत घरंगळली आणि खिट्टीच्या वाटेत बसून राहिली.

कौशल्याबाईंनी तो दाणा उचलून तळहातावर घेतला. फेकावा की देव्हाऱ्यात ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी तुळशीच्या मुळाशी टाकला.

उत्कर्षाने काजळी पुसली, शिवणाच्या मशिनचं पातळ तेल काडीच्या टोकावर घेतलं, किल्लीच्या बुडाशी एक थेंब सोडला आणि मला बापाच्या हातात दिलं. "तुम्ही बंद करा."

नानासाहेबांनी मला बंद केलं. अंगठा सवयीने पुढे आला होता, पण त्याला करायला कामच उरलं नव्हतं.

टक.

हा आवाज नानासाहेबांनी लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून ऐकला होता.

"झालं तर मग, उद्या बिनघोर जातो," ते म्हणाले.

"नाही झालं," उत्कर्षा म्हणाली. "मी अडकलेलं काढलं. पण तुम्ही तीनदा कानस फिरवलीय, आणि ती खाच सुरक्षित आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. बंदूक दुरुस्त करणारा परवानावाला माणूस बघेल, तेव्हाच झाडायची. रणजीतदादांना फोन करा आणि खरं सांगा."

खरं सांगणं म्हणजे काय, ते नानासाहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वर्षभर बिघडलेली बंदूक घेऊन मी तुमच्या बँकेच्या दारात उभा होतो, हे ते खरं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी भिंतीला टेकून बघत होते. लावा हो नाना, लावा एकदाचा.

लावला. सगळं सांगितलं, कानशीसकट.

"नाना, हे आधी सांगायला पाहिजे होतं," रणजीत म्हणाला. "मला याचा रिपोर्ट लिहावा लागेल. उद्या पुण्याचे बंदूक दुरुस्त करणारे उस्ताद येणारच आहेत तपासायला. ते हो म्हणाले तर झाडा. नाही म्हणाले तर माझा नाइलाज आहे."

शुक्रवारी रेंजवर बारा-पंधरा जणी होतो आम्ही, ओळीने टेबलावर मांडलेल्या. उस्ताद म्हणजे पिकलेल्या दाढीचा एक बारकेला माणूस, गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं. माझ्या पाळीला त्यांनी नळ्या काढल्या, खाचेवर भिंग धरलं आणि थांबले.

"कानस कुणी लावली?"

"मीच," नानासाहेब म्हणाले.

"किती वेळा?"

"तीनदा. मग लेकीनं हात धरला."

उस्तादांनी मला जोडून बंद केलं आणि पातळ पत्र्याची पट्टी फटीत घालून पाहिली, ती गेली नाही. मग उजेडासमोर धरलं, किल्ली दाबली, हलवली, झटका दिला. आत खिट्टी घट्ट बसून होती आणि मी जेवढी म्हणून ताठ राहता येईल तेवढी राहिले. "वरवर ओरखडे आहेत," ते म्हणाले. "आणखी दहा वेळा फिरवली असती तर मी हिला मोडीत काढा म्हणून लिहिलं असतं. लेकीला माझा सलाम सांगा."

मग दोन राउंड झाले. कित्येक वर्षांनी माझा आवाज मी ऐकला. झाडावरचे बगळे उडाले, नानासाहेबांच्या खांद्याला हिसका बसला, आणि त्यांचा गाल, डोळा, हात सगळं जागच्या जागी होतं. रणजीतने कागदावर 'पास' लिहिलं आणि खाली दोन ओळींचा रिपोर्टही लिहिला. नानासाहेबांनी त्यावर सही केली.

मित्रांनो, एवढं सगळं सांगितलं ते कशासाठी? तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. आजोबांचं घड्याळ असेल, शिवणाचं मशिन असेल, बाबांची सायकल असेल. त्याच्यावर माया करा, जरूर करा, पण त्याला काय हवं आहे ते आधी विचारून घ्या. त्याचा आवाज बदलला तर अंगठ्याने ढकलून पुढे जाऊ नका. आणि काही अडलं तर कापायच्या आधी आत डोकावून बघा. मी लोखंडाची आहे, मला सांगता येत नाही. माणसांनाही पुष्कळदा येत नाही, हे मी नानासाहेबांकडे बघून शिकले.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर विळा, कोयता, विळी, तराजू आणि यंदा उत्कर्षाचं मापाचं यंत्रही होतं. तिने आईला सांगितलं, "आमच्या कंपनीत मशिनला कुंकू लावत नाहीत, समोर विड्याचं पान ठेवून त्यावर लावतात. पूजाही होते आणि मशिनही बिघडत नाही." कौशल्याबाईंनी माझ्यासमोर पान ठेवलं, त्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता ठेवल्या. मग सवयीने बोटं करडईच्या वाटीत गेली आणि माझ्या किल्लीपर्यंत येऊन थबकली. त्यांनी ते तेल आपल्या दोन्ही तळहातांना चोळून टाकलं. "मंग हिला काय घालू?" त्या म्हणाल्या.

उत्कर्षाने पातळ तेलाची बाटली आणि एक काडी त्यांच्या हातात दिली. "एक थेंब."

"योकच?"

"एकच."

त्यांनी श्वास रोखून एक थेंब सोडला. मग नानासाहेबांनी मला उचललं, नळ्यांत दोनदा पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "हिकडं ये. कान कर." पस्तीस वर्षं या बाईने माझी पूजा केली, पण मला बंद होताना जवळून ऐकायला कुणी कधी तिला बोलावलं नव्हतं. कौशल्याबाईंनी पदर मागे सारला आणि कान पुढे केला. नानासाहेबांनी मला हलकेच बंद केलं.

"बोलली की," कौशल्याबाई म्हणाल्या.